दीड वाराचं टेबल

आमच्या प्रफुल्लचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतल्या हॉलमध्ये लग्न लागलं. बुद्धवंदना झाली, भाषणं झाली, आणि पंगत बसेपर्यंत मुलीकडच्या मंडळींनी जिलबी संपवली. माझा भाऊ भिवा त्यानंतर महिनाभर जिलबीचं दुकान दिसलं की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. पण मला ते साल जिलबीमुळे आठवत नाही. त्या लग्नात आमचा पोटमाळा गेला, म्हणून आठवतं.

आमची खोली परळची, दुसरा मजला, नंबर सव्वीस. दहा बाय बारा. खाली भिवा, त्याची बायको राधा आणि मी. वर पोटमाळ्यावर माझी भाची संघमित्रा. तिचा भाऊ प्रफुल्ल बाहेर गॅलरीत झोपायचा. लग्न झाल्यावर नवराबायकोला गॅलरीत कसं झोपवणार? पोटमाळा प्रफुल्लला आणि दीपिकाला दिला, आणि मित्रा खाली आली. मित्रा म्हणजे संघमित्रा. तेवढं लांब नाव घेऊन हाक मारली तर ती येईपर्यंत चहा निवतो.

मित्राला तेव्हा बावीस पुरी झाली होती. एका कंपनीत नोकरी. काम काय, तर लोक मोबाइलवरून तक्रारी करतात, त्यांना ही गोड उत्तरं लिहिते. आठवड्यातून तीन दिवस हे काम घरून. पोटमाळ्यावर होती तोवर ठीक होतं, खाली आल्यावर पंचाईत झाली. लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर. राधाला भात टाकायचा झाला की लॅपटॉप उचलायचा. मीटिंग चालू झाली की मागून भिवा टॉवेल गुंडाळून जायचा. एकदा तर तो थांबला, वाकला आणि लॅपटॉपमधल्या साहेबांना "जय भीम" घालून गेला. साहेब बंगळुरूचे. त्यांनीही हात जोडले.

त्या संध्याकाळी मित्रा म्हणाली, "मला टेबल पाहिजे."

भिवाने पेपर खाली ठेवला. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघितलं. मी ओळखलं, आता भाषण. "बाबासाहेब इथंच परळच्या चाळीत राहिले, शिकले. त्यांनी मागितलं होतं टेबल?"

"पप्पा, बाबासाहेबांना कोणी कॅमेरा ऑन करा म्हणत नव्हतं."

 भिवाने पेपर पुन्हा वर घेतला, उलटीकडून.

"माहीमला मनवाच्या रूमवर एक जागा होतेय," मित्रा पुढे म्हणाली. मनवा ही तिच्या ऑफिसातली मैत्रीण. "पंधरा तारखेला तिची पार्टनर जातेय. तोवर टेबल आलं तर राहते. नाहीतर मी चालले."

राधा म्हणाली, "जा जा. माहीमला काय टेबलं झाडाला लागतात?" भिवालाही वाटलं, नुसती धमकी आहे. मला तसं वाटलं नाही. कारण या मुलीची धमकी कशी असते ते घरात मला एकटीला ठाऊक होतं.

मी अठ्ठेचाळीस वर्षांची होईपर्यंत मला अक्षर येत नव्हतं. मित्रा पहिलीत गेली तेव्हा शाळेतून येऊन ती घरात शाळा-शाळा खेळायची. तिला विद्यार्थी पाहिजे होता आणि घरात रिकामी मीच. तिने मला ग म भ न पासून धरलं. एकदा मी बाराखडी लिहिली नाही, तर म्हणाली, "उद्या पण नाही लिहिलीस तर मी शिकवणं सोडून देईन." मी हसले. तिने सोडलं. दोन दिवस माझ्या पाटीकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी मी ख-ची बाराखडी लिहून तिच्या दप्तरावर ठेवली तेव्हा कुठे बाई बोलल्या. तर अशी ही मुलगी. पंधरा तारीख म्हणजे पंधरा तारीख. आणि ती गेली असती तर मी त्या खोलीत कुणाशी भांडणार होते? भिवाशी भांडण्यात मजा नाही, तो लगेच झोपतो.

मी जाहीर केलं, टेबल मी आणते.

गॅलरीतून खाली पाणी पडायला जेवढा वेळ लागतो तेवढाही ही बातमी खाली पोचायला लागला नाही. पहिल्या मजल्यावरच्या सुंदराबाई वर येऊन म्हणाल्या, "टेबल कशाला? इस्त्रीचं घ्या. घडी करून दारामागे उभं करता येतं." सोळा नंबरवाले म्हणाले, भिंतीला फळी ठोका, साखळीने टांगा, त्यांच्या साडूने तशी टांगलीय. साडूची फळी दोनदा पडली हे त्यांनी विचारल्यावर सांगितलं. सल्ला द्यायला आलेला प्रत्येक माणूस आधी आमचा चहा पीत होता. राधा म्हणाली, "वन्सं, टेबल येईस्तो साखर संपेल."

जागा ठरली खिडकीखालचा कोपरा. तिथे भिंतीपासून माझ्या पेटीपर्यंत मोकळं होतं. प्रफुल्लने मोजायचा टेप पुढे केला. मी म्हटलं, ठेव तुझा तो टेप. मी तीस वर्षं हिंदमाताच्या एका साडीच्या दुकानात काढली. फॉल-बिडिंगला लागले, मग घड्या घालायला, मग गर्दीच्या दिवसांत ब्लाउजपीस मोजून फाडायला. दुकानात लोखंडी गज होता, पण दिवाळीच्या गर्दीत गज कोण शोधतो? कापडाचं टोक नाकाला लावायचं, दुसरा हात लांब करायचा, झाला एक वार. माझं नाक आणि माझा हात यांनी निम्म्या मुंबईचे ब्लाउज शिवून घेतलेत. मी कोपऱ्यात उभी राहिले, नाक ते बोट, नाक ते कोपर, आणि सांगितलं: दीड वार.

हिंदमाताच्या ओळखीतूनच कळलं की गिरगावात एका वकिलांचं जुनं ऑफिस बंद होतंय आणि सामान काढतायत. मी एकटी गेले. तिथे वसंतराव नावाचे त्यांचे म्हातारे कारकून होते. ते एकेका खुर्चीला निरोप दिल्यासारखे हात लावत होते. टेबल बघितलं आणि माझे पाय थांबले. सागवानी, वर हिरवं कापड, दोन्ही बाजूंना ड्रॉवर, आणि पाय असे गोल, जाड, पैलवानासारखे. मी नाक लावलं, हात लांब केला. दीड वार! अगदी नेमकं. वसंतराव म्हणाले, "बाई, हे तुम्ही काय करताय?" मी म्हटलं, "मोजतेय." ते म्हणाले, "नाकाने?" शिकलेल्या माणसांना सगळं समजावून सांगावं लागतं.

टेम्पो परळला चाळीच्या चौकात आला तेव्हा तारीख आठ. मला वाटलं सात दिवस आधीच जिंकले. चौघांनी टेबल उतरवलं, जिन्याच्या तोंडाशी आणलं, आणि तिथे गुणाजी परब हात आडवा करून उभे.

गुणाजी म्हणजे पहिल्या मजल्यावरची खोली नंबर एकवीस. मालवणचे, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. मालवणीत बोलायचे आणि रागावले की जास्त मालवणीत बोलायचे. चाळ समितीचे ते सचिव. अध्यक्ष बारा वर्षांपूर्वी विरारला राहायला गेले आणि पदाचा राजीनामा द्यायला विसरले. बाकीचे सभासद कोण ते त्यांचं त्यांनाही आठवत नव्हतं. म्हणजे समिती म्हणून जे काही होतं ते गुणाजी, एक शिक्का, एक लाल पेन आणि कुलूप लावलेली एक पत्र्याची डबी.

"बकुळाबाय, अर्ज खंय?"

"कसला अर्ज?"

"मोठा सामान जिन्यावरसून न्हेताना समितीची लेखी परवानगी होयी. तेरा नंबरवाल्यांचो फ्रीज अडाकलो होतो, विसारलात? अर्धो दिवस दुसरो मजलो तुटलो होतो."

हे खरं होतं. त्या दिवशी आमच्या मजल्याला दूध दोरीने वर ओढावं लागलं होतं. टेबल चौकात ठेवलं आणि मी वर आले.

मित्रा म्हणाली, "आत्या, सांग, दोन मिनिटांत टाइप करते."

मी म्हटलं, मुळीच नाही. आयुष्यातला माझा पहिला अर्ज होता. सही मी अनेक ठिकाणी केली होती, पण 'महोदय' असं कुणाला कधी लिहिलं नव्हतं. दुपारभर बसले. वर उजवीकडे तारीख, खाली महोदय, मग विषय, मग टेबलाची माहिती, मग नम्र विनंती, आणि शेवटी 'आपली विश्वासू, बकुळा, खोली नं. २६'. मित्राने वाचला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला दप्तरावरची बाराखडी आठवली. मी अर्ज घेऊन ताठ मानेने एकवीस नंबरला गेले.

गुणाजींनी कागद हातभर लांब धरला. बराच वेळ बघितला. मग परत दिला. "तारीख खंय आसा?"

मी वर आले. तारीख होती. पण मला वाटलं, अर्जाची तारीख बहुतेक खाली लिहितात. एवढी वर्षं समिती चालवणाऱ्या माणसाला कळत असणारच. दुसरा अर्ज लिहिला. तारीख वर पण, खाली पण. दुसऱ्या दिवशी गेले. त्यांनी कागद धरला, बघितला. "खोली नंबर नाय."

खोली नंबर होता. पण लहान आला असेल असं मी मनाला समजावलं. मला भयंकर अपमान वाटत होता. सहा वर्षांच्या मुलीने माझ्या कागदावर फुल्या मारल्या तेव्हा वाटला नव्हता एवढा. गॅलरीत पोरंटोरं विचारायला लागली, "बकुळा आत्या, पास की नापास?"

इकडे खाली चौकात टेबल सार्वजनिक झालं. सकाळी त्यावर पेपरवाला गठ्ठे लावी. दुपारी बायका तांदूळ निवडत. चारनंतर कॅरम. संध्याकाळी उत्सव मंडळाची मुलं पावतीपुस्तक घेऊन बसायची. त्या टेबलामागे बसून मागितली की लोक जास्त वर्गणी देतात असं त्यांच्या लक्षात आलं, आणि मुलं मला येऊन म्हणाली, आत्या, घाई करू नका. सुंदराबाईंची मांजर डाव्या ड्रॉवरमध्ये शिरली आणि तीन पिल्लांसह बाहेर यायचं नाकारू लागली. माझ्या भाचीचं टेबल आणि तिच्याशिवाय त्यावर सगळे बसत होते. ती ऑफिसातून येताना त्याच्या बाजूने जायची, एक बोट त्या हिरव्या कापडावरून फिरवायची आणि जिना चढायची. मनवाचे फोन वाढले होते. बारा तारखेला मी तिची बॅग पोटमाळ्यावरून खाली आलेली बघितली.

तेरा तारखेला मी तिसरा अर्ज लिहिला. अक्षर एवढं मोठं की चार ओळींत पान भरलं. तेवढ्यात राधाने हाक मारली, "वन्सं, खाली जाताय तर ही यादी वाण्याकडे टाका." मी दोन्ही कागद मुठीत धरून निघाले. गुणाजी दारातच होते. मी कागद पुढे केला. त्यांनी हातभर लांब धरला. बराच वेळ बघितला. मान हलवली.

"हां. आता कसो मुद्याचो अर्ज झालो!"

आणि शिक्का मारला. लाल पेनाने मोठी सही केली, वळसे घेऊन.

मी आनंदाने वाण्याकडे गेले, यादी द्यायला मूठ उघडली. मुठीत माझा अर्ज होता. शिक्का मारलेला कागद उलगडून बघितला. तूरडाळ एक किलो. गोडं तेल. कपड्याचा साबण, निळा. झुरळांचं औषध. खाली: मंजूर समजण्यात यावे असा चाळ समितीचा गोल शिक्का आणि सचिवांची सही.

मी वाण्याच्या पायरीवर बसले. आधी इतकं हसू आलं की वाण्याने पाणी दिलं. हा कागद चौकात, त्याच टेबलावर उभं राहून वाचून दाखवायचा, असंच मनात आलं. दोनदा मला नापास करतो काय हा माणूस!

मग त्यांचा तो हात आठवला, कागद लांब धरलेला. डोळे आठवले. अक्षर येणाऱ्या माणसाचे डोळे ओळीवरून चालतात. न येणारा कागदाकडे फोटोकडे बघावं तसा बघतो, एका जागी. मी अठ्ठेचाळीस वर्षं तसंच बघितलं होतं. विचारलं तर 'चष्मा घरी राहिला' म्हणायचे. मला चष्मा नव्हताच. गुणाजींचा मुलगा दीपक पूर्वी चाळीचे कागद लिहायचा, तो डोंबिवलीला गेला आणि तेव्हापासून समितीने एकही नोटीस काढली नव्हती हे मला तेव्हा सुचलं.

जिभेवर आलेलं गिळणं मला कधी जमलेलं नाही. त्या दिवशी गिळलं. यादी घडी करून पोलक्यात ठेवली आणि वाण्याला सामान तोंडी सांगितलं.

चौदा तारीख, रविवार. परवानगी मिळाली होती, त्यामुळे अख्खी चाळ मदतीला. टेबल जिन्याच्या पहिल्या वळणावर अडकलं. पुढचे लोक वर, मागचे खाली, आणि मध्ये अडकलेले सोळा नंबरवाले साडूची फळी कशी सोपी होती ते सांगत होते. ते कसंबसं मागे काढलं, तर गुणाजींनी सूत्रं हातात घेतली. "गिरणीत आम्ही सुताचे बीम चढयले. ह्या काय!" गॅलरीच्या खांबाला दोर बांधला, टेबलाला दोर बांधला, सहा जण वरून ओढायला. "हेऽऽ जोर लगाके..." टेबल उचललं गेलं. हळूहळू, फार डौलात, वकिलांच्या आयुष्यात कधी गेलं नसेल एवढं उंच गेलं, आणि पहिल्या मजल्यासमोर येऊन थांबलं. दोर खांबाच्या खाचेत रुतला. वर जाईना, खाली येईना.

सुंदराबाईंचा दिवाणखाना अंधारला. त्या लाटणं घेऊन बाहेर आल्या. "माझ्या दारात फाशी कोणाला देताय?"

एवढ्यात टेबलातून आवाज आला, म्यँव. पिल्लं काढायची राहिली होती. मांजर कठड्यावर चढून ओरडू लागली, तिला बघून सुंदराबाई ओरडू लागल्या, आणि गुणाजी खालून हुकूम सोडत होते ते कुणालाच ऐकू येईना. भिवा हात जोडून उभा होता, कुणापुढे ते कळलं नाही. मी वर तोंड करून त्या टांगलेल्या टेबलाकडे बघत होते आणि मला एकच दिसत होतं, उद्या पंधरा.

मित्रा मनवाला भेटायला गेली होती, ती फाटकातून आत आली. टेबल बघितलं. मांजर बघितली. आम्हाला बघितलं.

"खाली घ्या."

"पण मित्रा..." गुणाजी म्हणाले.

"काका, खाली घ्या ना! पिल्लं पडतील."

आता तो दोर खाचेतून काढून टेबल खाली यायला अर्धा तास गेला. मित्राने आधी पिल्लं ओढणीत घेतली आणि सुंदराबाईंना दिली. मग टेबलाखाली वाकली. मोबाइलचा लाइट लावला. कुणाच्या तरी बाइकमधून पाना मागून घेतला. दहा मिनिटांत टेबलाचे चारही पाय वेगळे करून तिने जमिनीवर ओळीने ठेवले. प्रत्येक पायाला एक जाड बोल्ट होता. आठवडाभर त्या टेबलावर तांदूळ निवडले, पावत्या फाडल्या, पण खाली वाकून कोणी बघितलं नव्हतं.

सगळे आधी त्या चार पायांकडे आणि मग गुणाजींकडे बघायला लागले.

"ता माका म्हायत होता," गुणाजी म्हणाले. "पण पाय काढल्यार टेबलाचो मान जाता."

टेबल तुकड्यातुकड्यांनी वर आलं. पाय लावले, कोपऱ्यात सरकवलं आणि ते बसलं नाही. चांगलं वीतभर बाहेर. दार अर्धंच उघडत होतं. भिवाला पोट आत ओढून आडवं होऊन घरात शिरावं लागलं, आणि पोट आत ओढणं त्याने सन नव्वदमध्येच सोडलं होतं.

"आत्या," मित्रा म्हणाली, "तू मोजलं होतंस ना?"

"दीड वार! दोन्हीकडे दीड वार!"

"कसं मोजलंस दाखव."

मी कोपऱ्यात उभी राहून दाखवलं. "आणि गिरगावात?" तेही दाखवलं. प्रफुल्ल टेप लावून बघत होता. तो म्हणाला, "आत्या, आत्ताचा वार मोठा होता. पहिला लहान. वारामागे सहा इंचांचा फरक आहे."

माझ्या लक्षात आलं आणि मी खाली बसले. दुकानात कोंडीराम नावाचे जुने सेल्समन होते, त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. व्यापाऱ्याकडून माल घेताना तोंड पलीकडे फिरवून मोजायचं, वार लांब भरतो. गिऱ्हाइकाला देताना तोंड हाताकडे करायचं, वार आखूड भरतो. तीस वर्षांत नाकाला ते वळणच पडलं होतं. गिरगावात मी घेत होते, तोंड आपोआप फिरलं. घरात...

"म्हणजे मला जागा देताना छोटा वार?" मित्रा म्हणाली.

सगळे हसले. भिवा तर दारात अडकलेला असून हसला. मित्राही हसली, पण तिचं हसणं मध्येच थांबलं आणि ती खिडकीकडे बघायला लागली. मला मात्र हसू येईना. मी या घरात तिला सगळ्यांपेक्षा जास्त देते असं मी चारचौघांत सांगत असे.

गुणाजी करवत घेऊन आले. वीतभर कापू म्हणाले. मी म्हटलं, टेबलाला हात लावायचा नाही. आणि मी वळून माझ्या पेटीकडे बघितलं. मी कोपरा मोजला तो भिंतीपासून पेटीपर्यंत. पेटी हलवायची हे माझ्या किंवा कुणाच्याच मनात आलं नव्हतं. ती तिथे घरमालकासारखी बसली होती. आत काय, तर तीस वर्षांत दुकानाने मला दिलेल्या, कुठे सूत सुटलेल्या, कुठे रंग उडालेल्या साड्या, आणि त्यातली एकही मी नेसत नव्हते. 'असू दे, कधी लागली तर' म्हणून ठेवलेल्या.

"भिवा, आत ये नाहीतर बाहेर जा, पण पेटीला हात लाव."

त्या दुपारी आमच्या गॅलरीत साड्यांचं दुकान लागलं. दीपिकाला मोरपिशी, राधाला दोन, सुंदराबाईंना मांजरीच्या बाळंतपणाची म्हणून एक. जुन्यातली एक गुलाबी मी ठेवून घेतली. रिकामी पेटी गुणाजींनी मागून नेली. समितीचे कागद वाढलेत म्हणाले. कागद दोनच, मीच आत ठेवून दिलेले माझे नापास अर्ज. टेबल भिंतीला टेकून बसलं, उलट एक बोट जागा उरली. मित्राने लॅपटॉप ठेवला, बसली, खुर्ची मागे ओढली, पुढे ओढली. बॅग पोटमाळ्यावर परत गेली. पंधरा तारखेला मनवाला फोन करून तिने सांगितलं, दुसरी कोणी बघ.

वर्ष झालं. तिने त्या टेबलावर बसून बंगळुरूच्या साहेबांना असं काही पटवलं की तिला वरची जागा मिळाली आणि तिच्या हाताखाली चार मुलं आली, तक्रारींना गोड उत्तरं लिहिणारी. मग एक दिवस जेवताना ती म्हणाली, "आत्या, मी माहीमला जाते. मनवाकडे जागा आहे."

"आता काय कमी पडलं?"

"काही नाही. मागच्या वेळी रागाने जात होते. आता रागाने नाही जात. म्हणून जाऊ दे."

यावर भांडायला जागाच नव्हती. भिवाने फोटोकडे बघितलं, पण या वेळी भाषण केलं नाही. मी तिच्याबरोबर माहीमला गेले. परळहून माहीम इतकं जवळ असेल असं मला वाटलं नव्हतं. मी सोबत भाकरी बांधून नेली होती. खोली छोटी, पण खिडकी मोठी, खाली कोळीवाड्यात जाळी वाळत घातलेली. खिडकीला पडदा नव्हता. मी ती गुलाबी साडी काढली, टोक नाकाला लावलं आणि तोंड इतकं फिरवलं की मान दुखली. तेवढा फाडून दिला. पडदा खिडकी सोडून खाली जमिनीवर वीतभर लोळत होता. मनवा म्हणाली, कापून घेऊ. मित्रा म्हणाली, "असू दे. वार मोठा आहे तो."

टेबल तिने नेलं नाही. मला म्हणाली, तू बस.

मी बसायला लागले. चार दिवसांनी दुपारी चार वाजता गुणाजी दारात. हातात गावाहून आलेलं पत्र. "बकुळाबाय, जरा वाचून दाखव. चष्मो खाली रवलो."

मी म्हटलं, "माझाही राहायचा. अठ्ठेचाळीस वर्षं."

त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. पत्र वाचून झालं, चहा झाला. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा आले, कानाला पेन्सिल. मी मित्राची पाटी पोटमाळ्यावरून काढली. शिकवायला मी चांगली बाई नव्हते. मित्रापेक्षा कडक होते. पंधरा मिनिटं उशीर झाला तर गॅलरीत उभं करायचे. सुंदराबाईंनी विचारलं, रोज काय चालतं, तर दोघांनी एका सुरात सांगितलं: समितीची मीटिंग.

सहा महिन्यांनी त्यांनी पहिला अर्ज लिहिला, माझ्या नावे. महोदया, खोली नंबर सव्वीसमधील टेबलावर रोज चार वाजता बसण्यास परवानगी मिळावी. मी कागद हातभर लांब धरला. बराच वेळ बघितला.

"तारीख खंय आसा?"

तारीख खरंच नव्हती. दुसऱ्या दिवशी तारीख घालून आणला, तर खोली नंबर नाही म्हणून परत दिला. तो होता. गुणाजी ओरडले, "ह्यो बघ हंय! एकवीस!" आणि मग मला बघून थांबले. आम्ही दोघं इतके हसलो की राधा चूल सोडून बघायला आली. तिसऱ्या दिवशी मी मंजूर केला. शिक्का त्यांचाच आणला होता.

वाण्याची यादी मी एके दिवशी त्यांच्या पाटीखाली ठेवून दिली होती. त्यांनी ती एकेक अक्षर लावत वाचली, शिक्क्यापर्यंत आले, सहीपर्यंत आले. "गो बकुळे! ह्या झुरळांचा औषध मिया मंजूर केलंय?"

"मुद्याचो अर्ज होता," मी म्हटलं.

ती यादी त्यांनी घडी करून माझ्या जुन्या पेटीत ठेवली, समितीच्या कागदांत. पेटी नंतर दीपकने डोंबिवलीला नेली. मित्रा दर रविवारी येते. मागच्या आठवड्यात म्हणाली, आत्या, आता मोठी जागा घेतेय, टेबल नेऊ का? मी सांगितलं, अर्ज कर. सध्या टेबल लागतंय, त्यावर हे लिहीत होते. लिहून झालं. तारीख राहायला नको म्हणून लिहिते: गुणाजी परब, खोली नंबर एकवीस, अकरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीस, मंगळवार, सकाळी सात वाजता वारले.